वादळाआधी भाड्याच्या घरांची तयारी: तुम्ही पुण्यात, घरं कोपरी आणि कोपरखैरण्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याला एक रो-हाउस, गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली. ठाण्याला कोपरीत तीस-बत्तीस वर्षांच्या इमारतीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर फ्लॅट. दोन्ही घरं भाड्याने दिलेली आणि तुम्ही पुण्यात. गेल्या मे महिन्यातल्या वादळी पावसात शेडचे पत्रे हलले, कोपरीचं छत गळलं आणि तिथले भाडेकरू वैतागून घर सोडून गेले. यंदा काय काय करून घ्यावं, खर्च कुणी करावा आणि भाडेकरूंवर किती सोपवावं, हे तुम्ही विचारलंय.

मी नौपाड्यात राहते. स्वतःची तीन आणि परगावी असलेल्या नातेवाइकांची, ओळखीच्यांची अकरा, अशी चौदा घरं गेली एकोणीस वर्षं सांभाळते. कळव्यापासून वाशीपर्यंत. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते या खाडीकाठच्या पट्ट्यापुरतं आहे.

घर मजबूत कसं करावं, असा तुमच्या प्रश्नाचा रोख आहे. त्याबद्दल सांगतेच. पण तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. वादळाच्या रात्री घरात जो माणूस असतो त्याला खर्चाचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो तो दीडशे किलोमीटरवर फोन कानाला लावून बसलेला असतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकत होतं. ऐरोलीत सहाव्या मजल्यावरच्या एका घरात सकाळी बेडरूमच्या सरकत्या खिडकीचा एक पल्ला रुळातून सुटला. भाडेकरूंचा फोन आला, "ताई, काय करू?" मी म्हटलं, फोटो पाठवा, बघते. कोरोनाचे निर्बंध होते, माझा नेहमीचा ॲल्युमिनियमवाला यायला तयार नव्हता. त्यांच्याच सोसायटीत दुसरा एक कारागीर खालच्या मजल्यावर काम करत होता, पण पैसे दुप्पट मागत होता. त्याला वर बोलावायचं धाडस त्या दादांना झालं नाही. का? तर आदल्या वर्षी गिझरच्या दुरुस्तीचे बाराशे रुपये त्यांनी मला न विचारता दिले होते आणि मी त्यावरून त्यांच्याशी वाद घातला होता. रात्रभर त्या खोलीत पाणी येत राहिलं. गाद्या भिजल्या, त्यांच्या मुलीची सगळी पुस्तकं भिजली, खालच्या घराच्या छताला ओल आली. बाराशे रुपयांपायी मी त्या माणसाचे हात बांधून ठेवले होते, याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात एक कलम असतं. माणसांना किंवा घराला होणारं नुकसान टाळण्यासाठी तातडीच्या दुरुस्तीवर पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च भाडेकरू मालकाला न विचारता करू शकतात. बिल किंवा कारागिराचा नंबर आणि आधीचा-नंतरचा एकेक फोटो दिला की ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती होते. इतक्या वर्षांत याचा गैरफायदा कुणी घेतलेला नाही. तुमचा सध्याचा करार मध्यावर असेल तर नुसतं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, पण लिहूनच पाठवा. तोंडी सांगितलेलं त्या रात्री कुणाला आठवत नाही.

आता घरांकडे वळू. इथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: मजला कितवा, इमारत किती जुनी, खिडक्या कुठल्या दिशेला. दिशेबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिथे बहुतेक मालक फसतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून आपण पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जे वाढवतो, सिलिकॉन मारतो. पण मे महिन्यातले वादळी ढग बहुधा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात. आणि समुद्रातलं चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. ते आपल्या नैर्ऋत्येला असतं तेव्हा आपल्याकडे वारा पूर्व-आग्नेयेकडून येतो, आणि ते वर सरकत जाईल तसा दक्षिणेकडे वळतो. म्हणून अख्खा पावसाळा कोरडी राहणारी पूर्वेची खिडकी वादळात गळते. तुमच्या दोन्ही घरांच्या चारही बाजूंच्या खिडक्या तपासा. खालच्या रुळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती धूळ, रंग किंवा सिलिकॉनने बुजलेली असली की रूळ भरतो आणि पाणी आत सांडतं. निम्म्या वेळा "खिडकी गळते" या तक्रारीचं उत्तर ती भोकं तारेने मोकळी करणं इतकंच असतं. पल्ला उचलून पाहा. सहज रुळातून निघत असेल तर चाकं झिजलीत, ती बदला आणि वरच्या बाजूला पल्ला निघू नये म्हणून अडथळा बसवून घ्या.

शेडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिच्याखाली फक्त अडगळ असेल तर ती काढून टाका. हिशेब सांगते. वाऱ्याचा वेग ताशी १०८ किलोमीटर झाला, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, तर एका चौरस मीटरवर साधारण ५५ किलो दाब येतो. दहा बाय दहा फुटांचं छप्पर सव्वानऊ चौरस मीटरचं असतं. म्हणजे पाचशे किलोचा जोर, आणि वारा खालून शिरला तर तो पत्रा वर उचलणारा. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. हे वारे आपल्या भागात येतच नाहीत असं समजू नका. तौक्तेच्या वेळी मुंबईत झोतांचा वेग ताशी शंभराच्या वर गेला होता. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते तर चक्रीवादळही नव्हतं, संध्याकाळचं वळवाचं वादळ होतं. पत्रा उडाला तर तुमचं नुकसान पत्र्याच्या किमतीएवढं. पण खाली रस्त्यावर कोण असेल हे तुमच्या हातात नाही.

शेड ठेवायचीच असेल तर लोखंडी काम करणाऱ्याला घेऊन स्वतः गच्चीवर चढा. खांब गच्चीच्या स्लॅबला किंवा बीमला बोल्टने बसवलेत की नुसते कठड्यात रोवलेत? कठड्यातले खांब पक्के धरू नका. पत्रा सांगाड्याला धरून ठेवणारे जे-हुक गंजलेत का, हुकाखालचे वायसर (वॉशर) शिल्लक आहेत का? पत्रा कैचीच्या, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याच्या, बाहेर फूट-दीड फूट लोंबत असेल तर तो कापून घ्या, वारा पहिल्यांदा तिथेच हात घालतो. पत्र्यावर विटा, जुने टायर, दगड ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ते सगळं आधी खाली उतरवा. पत्रा हलला की तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडतात. शेडला महापालिकेची परवानगी नसेल तर विमा कंपनी दावा देताना तोच मुद्दा काढू शकते, हेही ध्यानात असू द्या. गच्चीवरची पाण्याची टाकी वादळाच्या आदल्या दिवशी भरून ठेवायला सांगा. रिकामी टाकी वाऱ्याला हलकी असते, आणि वीज गेल्यावर पाणीही हाताशी राहतं.

रो-हाउसच्या तळमजल्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण मला जास्त काळजी त्याची आहे. नवी मुंबईचा बराच भाग सिडकोने खाडीकाठची सखल जमीन भरून वसवला. भरतीचं पाणी शहरात येऊ नये म्हणून धारण तलाव आणि झडपा ठेवल्या: भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला ते खाडीत सोडलं जातं. व्यवस्था चांगली आहे, पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारं तुंबतात. मग पाणी उंबऱ्यावरून येण्याआधी मोरीच्या जाळीतून आणि संडासातून उलटं वर येतं. मी उंबऱ्याला फळ्या लावून निर्धास्त बसलेली माणसं पाहिली आहेत, आणि त्यांच्या मागे न्हाणीघरातून काळं पाणी घरात येत होतं.

कायमचा उपाय म्हणजे चेंबरकडे जाणाऱ्या लाइनवर उलट पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवणं. प्लंबर हे एका दिवसात करतो, पण दरवर्षी पावसाळ्याआधी तो उघडून साफ करावा लागतो, नाहीतर केस आणि कचरा अडकून तो बंदच होत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून त्या मोरीच्या जाळीवर आणि संडासाच्या भांड्यात दाबून ठेवणं. अशा चार-पाच पिशव्या आत्ताच भरून जिन्याखाली ठेवा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधी जाहीर होतात, वर्तमानपत्रांत छापून येतात. ती यादी भाडेकरूंना पाठवा. त्या दिवशी लाल इशारा असेल, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाचा अंदाज असेल, तर पिशव्या सकाळीच लावायच्या.

कोपरीचं गळणारं छत हा पूर्ण वेगळा मामला आहे, कारण गच्ची तुमची नाही, सोसायटीची आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) गच्चीची आणि पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चात येतं. पण फोन करून काही होत नाही. लेखी पत्र द्या, छताचे फोटो जोडा, पोच घ्या. आणि एकट्याने देऊ नका. चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या सभासदांनी मिळून दिलेलं पत्र समितीच्या बैठकीत विषय म्हणून येतं, एकट्याचं फाइलला लागतं. त्याच पत्रात स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं, विचारा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. महापालिकेच्या यादीत ती सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरली असेल तर वॉटरप्रूफिंगचा विषयच संपला. तिथे भाडेकरू ठेवूच नका. भाड्याचे पैसे कितीही लागत असले तरी नाही.

तसं नसेल तर पुढच्या फेरीत हातात एक लाकडी दांडा घेऊन जा आणि छतावर, बाल्कनीच्या खालच्या बाजूला, छज्ज्यांवर ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजली आहे असं समजा. खाडीच्या खारट हवेने सळई लवकर गंजते आणि गंज फुगून प्लास्टर सुटतं. असा भाग पावसाळ्याआधी पाडून घ्या, मुलांच्या झोपायच्या जागेवर तर आधी. गच्चीवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी उतरवणारे पाइप. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या हिशेबाने तेवढ्याच गच्चीवर सत्त्याऐंशी हजार लिटर. पाइपाच्या तोंडाशी एक कबुतराचं घरटं किंवा एक प्लास्टिकची पिशवी अडकली की गच्चीचा हौद होतो, आणि मग कुठलंही वॉटरप्रूफिंग टिकत नाही. तोंडाला जाळी आणि आठवड्याला एकदा साफसफाई, एवढ्याने मी गळतीच्या कितीतरी तक्रारी मिटलेल्या पाहिल्या आहेत.

वेळेचं गणित इथे आडवं येतं. वॉटरप्रूफिंगचा लेप कोरड्या पृष्ठभागावरच धरतो. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून मानतात, पण २०२५ ला तो २६ मे रोजीच आला. म्हणून माझी मर्यादा १५ मे. त्यानंतर कुणी "दोन दिवसांत करून देतो" म्हणालं तरी मी पैसे देत नाही. त्याऐवजी गच्चीवर जाड ताडपत्री घालून घेते आणि पक्कं काम दिवाळीनंतर. आवारातलं झाड खिडकीवर किंवा तारांवर झुकलं असेल तर फांद्या स्वतः तोडू नका, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज आजच करा, मे महिन्यात तिथे सगळ्यांची गर्दी होते.

विजेचं काम थोडं, पण टाळू नये असं. रो-हाउसचं मीटर आणि स्विचबोर्ड किती उंचीवर आहे ते पाहा. गेल्या काही वर्षांत पाणी जिथवर आलं त्याच्या हातभर वर सगळं हवं. खालचे प्लग पॉइंट वेगळ्या एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या स्विचवर) घ्या, म्हणजे पाणी आलं तर फक्त खालचा भाग बंद करता येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, दोन्ही घरांत बसवा, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला भाडेकरूंना दाखवून या. एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट गंजलेत का, हे खिडकीतून हात घालून नव्हे तर कारागिराकडून तपासून घ्या. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या वादळाआधी घरात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: भाडेकरूंना खर्चाची लेखी मुभा द्या, शेड काढा नाहीतर पक्की करा, तळमजल्याच्या मोऱ्या बंद करायची सोय करा, आणि कोपरीत सोसायटीला लेखी पत्र द्या. हे झालं की खर्चाचा प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा असा. छप्पर, भिंती, खिडक्या, नळ, वीज हे मालकाचं काम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊन १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन भाड्यातून वळती करू शकतो, एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरात करारात काय लिहिलंय त्याला वजन येतं, म्हणून ते स्पष्ट लिहा. तुमच्या बाजूने कलम २८ आहे: आधी कळवून, सोयीच्या वेळी घर पाहायचा हक्क. मी तो वर्षातून दोनदा वापरते, एप्रिलमध्ये आणि दिवाळीच्या आसपास. भाडेकरूंकडून मी तीनच गोष्टी मागते: रूळ आणि मोऱ्यांच्या जाळ्या साफ ठेवणं, इशारा आल्यावर गच्ची-बाल्कनीतलं सामान आत घेणं, आणि ओल दिसली की त्याच दिवशी फोटो पाठवणं. पैशांचं म्हणाल तर प्रत्येक घराच्या एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम मी दरवर्षी याच कामासाठी बाजूला काढते. जुन्या इमारतीत कधी ती पुरत नाही, नव्यात उरते.

विमा घेतला नसेल तर 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी पाहा, सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळ, पूर, वीज पडणं, दरड यात येतं, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही. विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे तर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, म्हणून हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो. पण तुमच्या पॉलिसीत भाडेकरूचं सामान नसतं. त्यांनी सामानापुरती वेगळी पॉलिसी घ्यावी, हे करार करतानाच सांगा. गरीब भाडेकरूचा फ्रिज आणि टीव्ही गेला तर त्याला परत उभं राहायला दोन वर्षं लागतात.

प्रत्यक्ष रात्रीसाठी मी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवते. मेन स्विच कुठे, पाण्याचा मुख्य कॉक कुठे, मीटर रूमची चावी कुणाकडे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे दोन-दोन नंबर, महावितरणचा १९१२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आणीबाणीला ११२. खाली ठळक अक्षरांत: पायाखाली पाणी असताना स्विचबोर्डला हात लावू नका, आणि घर सोडावंसं वाटलं तर सोडा, सामानाचं नंतर पाहू. जवळपास एक विश्वासाचा माणूस हवाच, जो चालत येऊ शकेल, कारण वादळात गाड्या बंद असतात. तुम्ही पुण्याहून निघून काही उपयोग नाही. त्या माणसाला एक चावी आणि तीच पाच हजारांची मुभा द्या.

वादळ गेल्यावर पहिला फोन तुम्ही करा, आणि घराआधी माणसांचं विचारा. मग काही साफ करायच्या आत फोटो काढायला सांगा, विम्याला तेच लागतात. पाणी शिरलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) औषधाबद्दल लगेच डॉक्टरांना विचारावं, पायाला जखम असेल तर नक्कीच. ओल्या भिंतींवर लगेच रंग लावू नका, आत कोंडलेली ओल बुरशी होऊन बाहेर येते. एखादी खोली वापरता येत नसेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं मी त्या प्रमाणात आपणहून कमी करते, भाडेकरूंनी मागायची वाट पाहत नाही.

कोपरीच्या घरात नवे भाडेकरू येतील तेव्हा गेल्या वर्षी छत कुठे गळलं ते त्यांना आधीच दाखवा. सोसायटीला पत्र कधी दिलंय, काम कधी व्हायचंय, तोवर कोणत्या कोपऱ्यात पलंग ठेवू नये, हे सगळं सांगा. पोटमाळ्यावर एक ताडपत्री, दोन बादल्या आणि एक चार्जिंगचा दिवा ठेवून द्या, आणि हे कुठे ठेवलंय तेही त्यांना दाखवून या.